छोट्या खोलीतली ऊब

"बाबा, घरी कोणी राहायला आलंय का?"

सूनबाईचा हा फोन भर दुपारी आला. जेवण उरकून मी ताट घासत होतो. म्हटलं, "माझ्याकडे कोण यायचंय राहायला? यम तेवढा आला होता, तोही भलत्याच माणसाला घेऊन गेला."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती "काय हो बाबा" म्हणून हसते. त्या दिवशी हसली नाही. "नाही, म्हणजे आत्या वगैरे आल्यात का?" असं विचारलं तिनं. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. म्हटलं, आक्का तिच्या घरी आहे शनिवार पेठेत, गुडघे धरून बसलीय. इथं मी एकटा आहे. सून नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी हात पुसले आणि छोट्या खोलीच्या दाराकडे बघत उभा राहिलो. दार लावलेलं होतं. आत दिवा जळत होता आणि ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आता नीट सांगतो. मी शाळा सातवीपर्यंत शिकलो, पुढं जन्मभर शहरातली बस चालवली. लिहायची सवय नाही. जे झालं ते झालं तसं लिहितो, नटवता येत नाही मला.

आमचं घर हडपसरला, चौथ्या मजल्यावर. वर गच्ची, म्हणजे उन्हाळ्यात डोक्यावर तवा. दोन खोल्या मोठ्या, एक छोटी, स्वयंपाकघर, गॅलरी. मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. सून घरांना तारे देण्याचं काम शिकली आहे. फ्रिजवर ते तारे चिकटवलेले असतात ना, कमी वीज खाणारा, जास्त वीज खाणारा, तसेच आता घरालाही मिळतात म्हणे. घर किती तापतं, किती निवतं, त्यात राहायला पंखा किती लागेल, एसी किती लागेल, हे ती कॉम्प्युटरवर काढते. त्यासाठी आधी कॉम्प्युटरात घर बांधायचं. खऱ्या घरासारखंच, भिंत किती जाडीची, खिडकी कुठल्या दिशेला, गच्चीच्या स्लॅबवर काय टाकलंय, सगळं. त्याला ती मॉडेल म्हणते. परीक्षेसाठी म्हणून तिला एक खरं घर करून दाखवायचं होतं. तिनं आमचं घर घेतलं.

तेव्हा माझी बायको होती. आजारी होती, पण हिंडतीफिरती होती. टेपचं एक टोक तिनंच धरलं. सून आकडे टिपत होती आणि ही पदर खोचून कोपऱ्याकोपऱ्यात टेप लावत होती. मला म्हणाली, "बघा, एवढी वर्षं झाडलं हे घर, पण किती लांब झाडते ते आज कळलं."

संध्याकाळी सूनबाईनं आम्हाला कॉम्प्युटरातलं घर दाखवलं. भिंती पांढऱ्या, खिडक्या निळ्या. खालचे मजले नाहीत, शेजारी बिल्डिंग नाही, रस्ता नाही. हवेत तरंगणारी एक पेटी. आत ना खाट, ना देव्हारा, ना मोरीतली बादली. तिनं एक कळ दाबली तसा पेटीवरून सूर्य जायला लागला. सबंध वर्षाचे दिवस भराभर उगवत होते आणि मावळत होते, रिकाम्या खोल्यांतून सावल्या पळत होत्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "हे आम्ही दोघं मेल्यावरचं घर दिसतंय."

"तुमच्या तोंडाला काही लगाम?" बायको म्हणाली.

सून म्हणाली, "थांबा बाबा, माणसं अजून घालायची आहेत." मग तिनं सांगितलं की माणूस स्वस्थ बसलं तरी त्याच्या अंगातून उष्णता निघत असते. जुना पिवळा बल्ब असायचा, तो लावून ठेवल्यावर जेवढी निघेल साधारण तेवढी. घरात किती माणसं आणि कुठल्या वेळी कुठल्या खोलीत, ते धरल्याशिवाय घराचा हिशोब जमत नाही.

"म्हणजे मी बल्ब?" बायकोनं विचारलं.

"हो आई. तसंच."

"मग यांना ट्यूब धर. पेटायला वेळ लागतो."

सून एवढी हसली की तिला आकडे पुन्हा घालावे लागले. मग तिनं बायकोला विचारून विचारून तिचा दिवस कॉम्प्युटरात घातला. पहाटे स्वयंपाकघरात. सकाळी उन्हाला गॅलरीत. दुपारी छोट्या खोलीत पडायचं. संध्याकाळी परत स्वयंपाकघर, मग हॉल. मी म्हटलं, मलाही विचार की. सून म्हणाली, "तुमचं सोपं आहे बाबा, तुम्ही दिवसभर हॉलमध्येच असता."

जाताना तिनं प्रत्येक खोलीत काड्यापेटीएवढी एक पांढरी डबी चिकटवली. खोलीत खरोखर किती गरम, किती गार, ते त्या डब्या तिकडे तिच्या कॉम्प्युटरला कळवायच्या. मॉडेल एक सांगतं आणि घर एक वागतं असं व्हायला नको, दोन्ही जुळलं पाहिजे, म्हणून. बायकोनं छोट्या खोलीतल्या डबीकडे बघून हळूच विचारलं, "हिला ऐकू नाही ना येत?"

"नाही आई. हिला फक्त गरम-गार कळतं."

पुढं बायकोचा आजार वाढला. मूत्रपिंडं कामातून गेली होती. तिनं छोट्या खोलीतली खाट धरली ती धरलीच. आमच्या घरात माणूस उकडून काढावं असं गरम होतं, पण तिला सारखी थंडी वाजायची. खिडकी लावून घ्यायची, दार लावून घ्यायची, अंगावर स्वेटर, पायात मोजे. मी आत गेलो की मला घाम फुटायचा आणि ती म्हणायची, "दार लावा, गार येतंय."

ती हिवाळ्यात गेली, दुपारची. मी तिचे पाय चोळत होतो. "थंडी वाजतेय हो," म्हणाली. दुसरी गोधडी आणायला मी हॉलमधल्या पेटीपर्यंत गेलो. आलो तर ती नव्हती. गोधडी मी तरी घातली तिच्या अंगावर. आक्का आल्यावर तिनं ती काढली.

तिला नेल्यावर खाटेपाशी, जिथं जीव गेला तिथं, पणती लावली. दक्षिणेकडे वात करून. तेराव्यापर्यंत ती विझू द्यायची नाही असा आमच्यात रिवाज आहे. मुलगा, सून, आक्का सगळे होते, आळीपाळीनं तेल घालत होते. तेरावा झाला. आक्का निघताना म्हणाली, "आज दिवा शांत कर. आता तिची वाट तिला." मी हो म्हणालो. मुलगा म्हणाला, बाबा आमच्याकडे चला. मी नाही म्हणालो. सगळे गेले.

मी दिवा शांत केला नाही.

का, ते सांगतो. तिला थंडी वाजत होती. बाकी मला काही समजत नाही. आत्मा कुठं जातो, बारा कोसांवर नदी लागते की नाही, ते भटजीला विचारा. ती गार पडत गेली ते माझ्या हाताला कळलं होतं, आणि त्या खोलीत गरम असं आता ती एक वात उरली होती. ती मी माझ्या हातानं विझवू?

एकदा मंडईतून यायला मला उशीर झाला. आलो तर पणतीतलं तेल संपून ती आपोआप विझली होती. खोली अशी गार पडली होती की दारातच माझ्या पायातून कळ गेली. त्या दिवशी मी माळ्यावरून समई काढली. जाड वाती वळल्या. खिडकी बंद, दार बंद. दिवसातून तीनदा आत जायचं, तेल घालायचं, काजळी झाडायची, बाहेर यायचं. पुढं कधी ती विझली नाही.

थोड्याच दिवसांत ती खोली बदलली. आत पाय ठेवला की कोणी आत्ता इथून उठलंय असं वाटायचं. गादी आम्ही देऊन टाकली होती, खाटेची नुसती फळी होती. तिच्यावर हात ठेवला तर कोमट. मधल्या भिंतीला हॉलच्या बाजूनं पाठ लावून मी पेपर वाचायला बसायचो तर भिंत पाठीला पाठ लागल्यासारखी वाटायची. सरकून बसलो तर दुसरीकडे नुसती भिंत. परत जागेवर आलो की पाठ. घाबरलो असं नाही म्हणत. पण पेपरातली एक ओळ मी दोन-दोनदा वाचायचो आणि कान मागं असायचा.

अशात तो फोन आला. कोणी राहायला आलंय का.

दोन-चार दिवसांनी तिचा परत फोन. इकडचं तिकडचं बोलली, जेवता का, गोळ्या घेता का. मीच म्हटलं, "मूळ काय ते बोल. बस फिरवून फिरवून स्टँडात आणू नकोस."

मग तिनं सांगितलं. परीक्षेसाठी दिलेलं आमचं घर वरच्या साहेबांनी परत पाठवलं होतं. तिनं कागदावर लिहिलं होतं, घरात राहणारी माणसं एक. पण डब्यांचे आकडे आणि मॉडेल जुळत नव्हते. साहेबांनी विचारलं होतं, माणसं बरोबर मोजली का?

"खरं सांगू बाबा? तेराव्यानंतर कितीतरी दिवस मी आईंना मॉडेलमधून काढलंच नव्हतं. हात होईना. त्या आपल्या पहाटे उठून स्वयंपाकघरात जात होत्या, उन्हाला गॅलरीत बसत होत्या. मग म्हटलं, असं चालायचं नाही. काढलं. तर आकडे जुळेनात. मी भिंती बदलून पाहिल्या, स्लॅब बदलून पाहिला, खिडक्या. नाहीच."

"मग?"

"मग दोन माणसं घातली. लगेच जुळलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण एक आहे बाबा. आई फिरायच्या ना घरभर, तसं घातलं तर नाही जुळत. दुसरं माणूस छोट्या खोलीत धरलं आणि दिवसरात्र तिथंच ठेवलं तरच जुळतं." ती थांबली. "म्हणजे ते जे काही आहे, ते हलत नाही. म्हणून विचारलं कोणी आलंय का. आजारी पाहुणं वगैरे."

मी म्हटलं कोणी नाही, डबी बिघडली असेल. ती म्हणाली तिनं तेही पाहिलं, डबी चांगली आहे. घरात नवीन काही लावलंय का, हीटर, शेगडी, असं दोनदा विचारलं तिनं, मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मी हॉलमध्येच बसून राहिलो, भिंतीपासून लांब. तेल घालायची वेळ झाली होती. उठवेना.

ती आहे, याचं मला भय नव्हतं. ती असती तर मला पाहिजेच होती. माझ्या छातीत जे बसलं ते सूनबाईचं ते बोलणं. हलत नाही. आयुष्यभर जी बाई एका जागी घडीभर बसली नाही, जेवताना चारदा उठायची, ती दिवसरात्र एका जागी? मग ती बसलेली नव्हती. तिला कोणीतरी बसवलं होतं.

मी आक्काला फोन लावला आणि दिव्याचं सांगून टाकलं. ती सुरूच झाली.

"समई? अरे, मेलेल्या माणसापुढं समई लावतात का? तिला वाटलं असेल मला देव्हाऱ्यात बसवलंय."

"पणती विझायची."

"विझू द्यायची असते! त्यासाठीच तर तेरा दिवस मोजतात. उजेड असेपर्यंत माणसाचं पाऊल निघत नाही रे उंबऱ्यातून. तू तिला अडकवून ठेवलंयस. दार लावून, खिडकी लावून. पाहुणीला सुद्धा असं कोंडत नाहीत."

"तिला थंडी वाजत होती, आक्का."

"आता तिला कसली थंडी? तुला वाजतेय ती." आणि तिनं फोन आपटला. वय नव्वदीकडे चाललंय पण फोन आपटायची ताकद आहे.

मी तेल घालायला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या खोलीत उभं राहताना अवघडल्यासारखं झालं. ज्योती सरळ उभ्या होत्या. वारा नव्हताच, येणार कुठून? तेल घालताना मी खाटेकडे बघितलं नाही. "जायचं असेल तर जा," एवढं मात्र मोठ्यानं म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

सूनबाई रविवारी आली, एकटीच. हातात तो कॉम्प्युटर. आल्या आल्या हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी सगळीकडे फिरली, डब्या तपासल्या, गॅस बघितला, फ्रिजच्या मागं हात घातला. मग छोट्या खोलीच्या कडीला हात लावला.

"ती राहू दे," मी म्हटलं.

"बाबा, मला तीच बघायची आहे."

"पसारा आहे."

"पसाऱ्यातून उष्णता निघत नाही."

"सगळं तुझ्या त्या डबीला कळतंय ना? मग डबीला विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहरा उतरला होता तिचा. मग हळूच म्हणाली, "आत कोणी आहे का बाबा?"

शिकलेली मुलगी, पण तिनं ते ज्या आवाजात विचारलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं होतं घाबरलोय तो मी एकटा. मी म्हटलं, "मला काय माहीत? तूच म्हणतेस, दोन आहेत." आणि कडी काढली.

गरम हवेचा लोट आमच्या तोंडावर आला. ती दारातच थांबली. आधी तिनं खाट बघितली, मग खाली समई बघितली, मग वर छत. समईच्या डोक्यावर स्लॅबला काळा गोल पडला होता. मी त्याच्याकडे कधी मान वर करून बघितलंच नव्हतं.

"हे केव्हापासून?"

"तेव्हापासून."

"सतत?"

"सतत."

ती मटकन खाली बसली, जमिनीवर, समईपुढं. मला वाटलं रडतेय. थोडी रडत होती, थोडी हसत होती. म्हणाली, "अहो बाबा, मी तुम्हाला दोनदा विचारलं फोनवर. घरात नवीन काय लावलंय, हीटर आहे का, शेगडी आहे का."

"तू विजेचं विचारलंस. हा काय विजेवर चालतो?"

"उष्णता निघते ना पण!"

"हा दिवा आहे. दिव्याचा उजेड असतो."

खरंच सांगतो, माझ्या डोक्यात तोवर ते आलं नव्हतं. ऊब मी तिच्यासाठी करत होतो आणि खोलीला ऊब आली तर ती दिव्याची, हे मला सुचलं नाही. चुलीपाशी लहानपण गेलेल्या माणसाला ते सुचायला हवं होतं. पण दिवा म्हणजे चूल नव्हे. देवापुढच्या निरांजनावर कोणी हात शेकत नाही.

ती खोलीतच कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली. मी दारात उभा. तिनं समईच्या वाती बघितल्या, दिवसाला तेल किती लागतं विचारलं, काहीतरी हिशोब केला. म्हणाली, "बघा. एवढं तेल जळतं म्हणजे जवळजवळ एका माणसाएवढीच उष्णता होते." मग तिनं ते दुसरं माणूस खोडलं आणि त्या जागी दिवा घातला. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक खऱ्या घराची, एक मॉडेलची. एकीवर एक बसल्या.

"झालं," ती म्हणाली. "दिवा होता."

मी म्हटलं, "आधी माणूस घातलं होतंस तेव्हाही बसल्या होत्या ना?"

"हो."

"अशाच?"

"अशाच."

"मग दिवा होता की माणूस होतं, हे याला कसं कळलं?"

तिनं पडद्यावरच्या रेघांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "याला नाही कळत बाबा. याला आकडा कळतो. तेवढ्या उष्णतेचं तिथं काहीतरी आहे, एवढंच."

बाहेर कोणीतरी गच्चीवर गादी धोपटत होतं. शेवटी तीच म्हणाली, तुम्हाला ठेवायचा असेल तर ठेवा, मी मॉडेलमध्ये दिवा लिहून देते, साहेबांचं समाधान होईल, घराला तारेही मिळतील आणि परीक्षाही सुटेल. फक्त खिडकी जरा उघडी ठेवा, धूर चांगला नाही.

"आणि शांत केला तर?"

"तर मात्र बाकी काही बदलू नका, खिडकीसुद्धा. रेघ खाली यायला पाहिजे. एका माणसावर."

"आली नाही तर?"

तिनं कॉम्प्युटर मिटला. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी कोणाला बोलणार नाही." नवऱ्यालाही नाही, असा त्याचा अर्थ.

पुढचे काही दिवस मी फार वाईट काढले. दिवा ठेवला तर कधीच कळणार नाही. शांत केला आणि रेघ खाली आली, तर आत कोणी नव्हतंच, मी एवढे दिवस एका समईशी संसार केला. आणि खाली नाही आली, तर ती आहे, तिथंच आहे, आणि आता अंधारात आहे, गार. दोन्हीकडून मार. तेल घालायला जायचो आणि फळीवर हात ठेवायचो. कोमट. पूर्वी त्यानं बरं वाटायचं. आता हात ठेवला की वाटायचं मी फसवतोय. तिला की मला, ते कळत नव्हतं.

एका सकाळी दात घासता घासता आक्काचं बोलणं आठवलं. पाहुणीला सुद्धा असं कोंडत नाहीत. चूळ भरली आणि तसाच छोट्या खोलीत गेलो. तिला सांगितलं, "मी दिवा शांत करतोय. थंडी वाजली तर तसं सांग, मी हॉलमध्ये आहे." फुंकर मारायची नसते. एकेक वात तेलात बुडवली. शेवटची बुडवताना चटका बसला. धुराची एक बारीक रेघ वर गेली, छताच्या काळ्या गोलापर्यंत, आणि तिथंच फिरत राहिली. मी दार ओढून घेतलं. खिडकी होती तशी बंद ठेवली. सूनबाईनं सांगितलं होतं की बाकी काही बदलू नका, नाहीतर कळणार नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. "किती?"

तिला लगेच समजलं. "दोनच आहे बाबा अजून."

ती घाईनं म्हणाली, "लगेच नाही उतरत. भिंती, स्लॅब, सगळं इतके दिवस तापलंय. ते हळूहळू सोडतं. थांबा जरा."

दुसऱ्या दिवशी पावणेदोन. मग दीड. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "किती?" आणि ती सांगायची. बाहेरचं ऊन वाढलं तर ते ती वजा करायची. दीड माणूस म्हणजे काय, मला विचारू नका. मी हॉलमध्ये बसून त्या दाराकडे बघायचो आणि मनात यायचं, अर्धी कुठली गेली असेल? पाय की डोकं? पाय आधी गार पडले होते तिचे. भिंतीला पाठ लावायचो. पाठ अजून होती, पण विरळ. कोणी उठताना आधी अंगाचा भार काढून घेतं आणि मग उठतं, तशी. मी एकदा बसल्या जागेवरून विचारलं, "निघालीस का?" कुकरच्या शिट्टीएवढंही उत्तर आलं नाही. बायको असती तर म्हणाली असती, निघताना विचारू नये.

मग सव्वा झाला. सव्वावर तीन-चार दिवस अडकला. त्या दिवसांत मी आक्काचा फोन घेतला नाही.

आणि एका संध्याकाळी सून म्हणाली, "एक. म्हणजे एकच्या अगदी जरासं वर."

"जरासं म्हणजे?"

"चिमूटभर. तेवढा फरक कुठल्याही घरात राहतो बाबा. मॉडेल आणि खरं घर कधीच शंभर टक्के जुळत नाही."

"कशाचा असतो तो?"

"नाही सांगता येत. शेजारची भिंत असेल, खालच्या मजल्यावरचा स्वयंपाक असेल. साहेबही तेवढा सोडून देतात."

"काढून टाकू नकोस तो."

"काढताच येत नाही," ती म्हणाली.

फोन ठेवून मी छोट्या खोलीत गेलो. दिवा शांत केल्यापासून आत पाऊल टाकलं नव्हतं. खोली गार होती. फळीवर हात ठेवला, लाकूड लाकडाएवढंच गार. मला वाटलं होतं मी दारातूनच परत फिरेन. पण थोडा वेळ उभा राहिलो, मग बसलो, मग आडवा झालो. उठून खिडकी उघडली तेव्हा हडपसरची सगळी धूळ आणि खालच्या दुकानातल्या मिसळीचा वास एकदम आत आला.

दुपारची झोप मी आता तिथंच काढतो. फळीवर सतरंजी टाकली आहे. घराला किती तारे मिळाले ते सूनबाईनं सांगितलं होतं, विसरलो. परवा तिचा फोन आला, डब्या काढून न्यायला येणार आहे म्हणाली. मग जरा घुटमळली.

"बाबा, दुपारी छोट्या खोलीत परत एक माणूस दिसतंय."

"हो," मी म्हटलं. "तो मी आहे. हॉलमधून मला काढ आणि तिकडे घाल."